हळदीनंतर, कुंकवाच्या आधी

१

हेमचंद्र आणि अवधूत या दोन सख्ख्या भावांचा समेट मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता झाला.

हे वाक्य कृपया विसरून जावं. तसं काहीही झालेलं नाही, असं दोन्ही भावांचं म्हणणं आहे. सव्वीस वर्षांत त्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे त्याला मान देणं भाग आहे. तेव्हा समेट झालेला नाही. गोष्ट रविवारपासून सुरू होते, आणि रविवारी तर तो झालेलाच नव्हता.

रविवारी सकाळी हेमचंद्रकाका रंजीताच्या दुकानात आले. आदिलाबादच्या बसस्टँडसमोर रंजीताचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वय अठ्ठावीस, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि माणसांवरचा विश्वास उडालेला. फोन हातातून पडला असं सांगणाऱ्या गिऱ्हाईकानं तो कोणत्या भिंतीवर किती रागानं फेकला, हे तिला नुसत्या भेगेवरून कळायचं. त्यामुळे गावातले अर्धे लोक तिला मेकॅनिक समजत आणि अर्धे तिच्याकडं जायला घाबरत.

"पोरी, घात झाला," काका म्हणाले. काका बँकेतून निवृत्त, वय एकाहत्तर, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"कोणाचा?"

"कॉम्प्युटरचा."

"कधी?"

"अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीले."

रंजीतानं भिंग वर सरकवलं. "मंग आता येवढी घाई काय, काका?"

"बुधवार. अवधूत बुधवारी चाल्ला. त्याच्या पोराकडं, प्रवीणकडं, हैदराबादले. कायमचा. त्याच्या हिश्शाचं घर दुसऱ्याले जाईन, मधातला कोनाडा बुजवतीन, अन् कॉम्प्युटर मोडून आतलं ज्याचं कार्ड त्याले. त्याच्या आत मले कागदावर पाह्यजे, का घात त्यानंच केला."

"अन् कागद भेटून काय करान?"

काकांनी खिशातली तिन्ही पेनं सरळ केली.

"तो गेल्यावर मले वाईट वाटू नये, बस येवढंच."

२

त्या घरात शिरलं की पहिल्यांदा भिंत दिसते. घर नंतर दिसतं.

भिंत नव्व्याण्णव साली ओसरीच्या बरोब्बर मधून बांधली. भांडी वाटली, पाट वाटले, तुळस एकच होती म्हणून दुसरी लावली. आई भागाबाई वाटता येईना, म्हणून तिनं स्वतःच स्वतःला वाटून घेतलं: महिन्याचे पहिले पंधरा दिवस थोरल्याकडं, पुढचे पंधरा धाकट्याकडं. एकतीस तारीख आली की ती कोणाकडंच राहायची नाही. पहाटेची गाडी धरून वांकिडीला माहेरी जायची आणि एक तारखेला परत यायची. फेब्रुवारीत चौदा-चौदा. लीप वर्षात एकोणतिसावा दिवस तिनं देवळात काढला. पुढं ती वारली, तीसुद्धा अगदी पंधरा तारखेच्या दुपारी, आणि नेमकी कोणाच्या घरी वारली यावर दोन मतं आहेत.

कॉम्प्युटर मात्र वाटला गेला नाही. चौऱ्याण्णव साली दोघा भावांनी मिळून घेतलेला. गवंड्याला सांगून भिंतीत आरपार कोनाडा ठेवला आणि त्यात तो बसवला. मॉनिटरचं तोंड हेमचंद्रांच्या बाजूला, कीबोर्ड अवधूतांच्या बाजूला. म्हणजे एकाला नुसतं वाचता येणार, दुसऱ्याला नुसतं लिहिता. मशीन बंद असल्यामुळे दोघांनाही काहीच येत नव्हतं, पण हक्क म्हणजे हक्क.

कॉम्प्युटरच्या खोक्याला दोन कुलपं होती.

"हे कधी लावले?" रंजीतानं विचारलं.

"त्याच रातीले," काका म्हणाले. "एक माहं, एक त्याचं. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून."

"कोणता पुरावा?"

"ते तू शोध. म्हणून तं बलावलं तुले."

दुसऱ्या किल्लीसाठी रंजीता रस्त्यावरून वळसा घालून पलीकडच्या फाटकानं आत गेली. अवधूतकाका सत्तरीला टेकलेले, मास्तरकीतून निवृत्त. बायको जाऊन पाच वर्षं झालेली. दारातल्या पोरीकडं त्यांनी एकदा पाहिलं, तिच्या हातातल्या पेचकसाकडं एकदा पाहिलं, आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून किल्ली काढून दिली. एक शब्द बोलले नाहीत.

'गुन्हेगार गप्प असतो,' रंजीतानं मनात टिपून ठेवलं. तिला रहस्याचा अनुभव फोनपुरताच होता.

दोन्ही कुलपं निघाली. झाकण उचललं. सव्वीस वर्षांत इथं माणसाचा हात पोचला नव्हता. आत हिरव्या पाट्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक पाटीवर हळदीची बोटं, कुंकवाचे टिळे. वर झेंडूची एक पाकळी, वाळून खडखडीत.

ही गुन्ह्याची जागा नव्हती. देव्हारा होता.

३

पॉवर सप्लाय नवा घातला, सेल नवा घातला, हार्ड डिस्कला समजावलं. ही कामं गोष्टीत सांगण्यासारखी नसतात.

सांगण्यासारखी होती ती दोन कार्डं. एक हेमचंद्रांनी आणलेलं, देवनागरीचं. ते लावलं की पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. दुसरं अवधूतांनी आणलेलं, आवाजाचं. घरातली लहान पोरं तेलुगू शाळेत जायला लागली आणि आजीचं निम्मं बोलणं त्यांना कळेना, म्हणून दोघा भावांनी आईचे शब्द या मशीनमध्ये भरायला घेतले होते. पडद्यावर शब्द, खाली अर्थ, आणि भागाबाईंचा आवाज. चारशे बारा शब्द झाले होते. तो प्रोग्राम दोन्ही कार्डं असल्याशिवाय उघडायचाच नाही, आणि ही कार्डं बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले. लॅपटॉपला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

रंजीतानं आवाजाचं कार्ड काढून ठेवलं आणि मशीन लावलं. सुरू झालं. पडद्यावर स्वच्छ मराठी.

"पाह्यलं?" हेमचंद्रकाका म्हणाले. "माहं कार्ड ठणठणीत. म्हणजे त्याचं बिघडलं."

मग तिनं अक्षरांचं काढलं, आवाजाचं घातलं. मशीन सुरू झालं, स्पीकरमधून 'टूं' आलं.

"काका, त्यायचंबी चालते."

"नाटक हाय ते."

"कार्डाचं?"

"कोणाचं कार्ड हाय, ते तं पाह्य!"

मग तिनं दोन्ही घातली. पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि मशीन आत कुठंतरी गप्प बसलेलं, घरातल्यासारखंच.

रंजीतानं दोन्ही कार्डं बाहेर काढून भिंगाखाली धरली. प्रत्येकावर काड्यांच्या तीन जोड्या होत्या, शेजारी इंग्रजीत छापलेलं: तीन, पाच, सात. त्यांतल्या एका जोडीवर तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी. टोपी ज्या जोडीवर, तो त्या कार्डाचा नंबर. कार्डाला काही काम पडलं की ते त्या नंबरानं मशीनला हाक मारतं.

अक्षरांच्या कार्डाची टोपी पाचवर होती. आवाजाच्या कार्डाची टोपीही पाचवर होती.

"काका, डॉक्टरकडं दोघायले पाच नंबरचं टोकन भेटलं तं काय होते?"

"भांडण."

"अन् डॉक्टर?"

"दार लावून घेते."

"हेच झालं. तुमचं कार्ड बिघडलं नाई, त्यायचंबी नाई. दोघायचा नंबर एक झाला. पण चार वर्षं मशीन चाललं म्हणता, म्हणजे तवा नंबर वेगळे होते. हे पाहा, आवाजाच्या कार्डावरच्या सातच्या काड्या. चार वर्षं टोपीखाली झाकून राह्यलेल्या, म्हणून तीनच्यापेक्षा कमी काळ्या. टोपी सातवर होती. कोणीतरी उचलून पाचवर ठेवली."

"तेच म्हणतो मी! अवधूत!"

रंजीता उत्तर देणार होती, तेवढ्यात तिला टोपीवर दोन बारीक ओरखडे दिसले. एकमेकांना समांतर, चिमट्यानं धरल्यासारखे. ओरखड्यांच्या आत काहीतरी पिवळं भरलेलं होतं.

४

सोमवारी रंजीता अवधूतकाकांच्या जबानीला गेली. काका ट्रंक भरत होते.

"काका, खंडेनवमीच्या आदल्या राती मशीन चालू होतं काय?"

काकांनी ट्रंकेत एक टॉवेल ठेवला.

"काका! मशीन!"

त्यांनी मान वर केली, तिच्या ओठांकडं पाहिलं, उठले, आणि कपाटातून पाटी-पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

"लिही," ते मोठ्यांदा म्हणाले. "वरडून फायदा नाई. तीन वर्षं झाले, दोन्ही कान गेले. चौतीस वर्षं पोट्ट्यायनं वापरले, संपले."

रंजीतानं पाटी मांडीवर घेतली. मग तिनं लिहिलं: 'हेमचंद्रकाकांना माहीत आहे?'

"त्याले कसं माहीत राहीन?" अवधूतकाका आश्चर्यानं म्हणाले. "आमी बोलत नाई ना."

जबानी पाटीवर झाली. आदल्या रात्री दोघा भावांनी मिळून मशीन साफ केलं. चालवून पाहिलं, आई 'गंज' म्हणाली, म्हणजे पातेलं. मग मशीन बंद करून दोन्ही कार्डं काढली आणि सकाळच्या पूजेसाठी देवासमोर पाटावर मांडली. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आणि या घरात त्याहून धारदार काही नव्हतं. पहाटे पाचला दोघं एकाच स्कूटरवर स्टँडवर गेले. हेमचंद्र वांकिडीच्या शाखेत तिजोरीच्या पूजेला, अवधूत मुधोळला. शाळेला सुट्टी होती, पण हेडमास्तरांनी प्रयोगशाळेतल्या तराजूची पूजा ठेवली होती. रात्री दोघं परतले, कार्डं घातली, मशीन काळं. त्याच रात्री भांडण, त्याच रात्री कुलपं.

'तुम्हाला कोणाचा संशय?' रंजीतानं लिहिलं.

"त्याचाच. राती पाणी प्याले उठते तो."

हेमचंद्रकाकांनी रविवारी शब्दशः हेच सांगितलं होतं, फक्त पाणी पिणारा वेगळा होता.

'आणि पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत तुम्ही दोघं बाहेर?'

"हो. संगंच तं गेलो."

म्हणजे निदान दिवसापुरता दोघांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याचा साक्षीदार होता. सव्वीस वर्षं. एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रंजीता निघाली तेव्हा काका पाठीमागून म्हणाले, "खुशालले इचार. सकाळी तोबी आलता म्हणे. पेचकस घेऊन."

५

खुशालभाऊंचं इलेक्ट्रिकचं दुकान. पंख्यांची पाती छताला टांगलेली, मध्ये खुशालभाऊ, अंगात बनियन. रंजीतानं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी नाई केलो."

"काय नाई केलं?"

"जे काई असंन ते."

"पेचकस घेऊन काऊन गेलते?"

"आता पाह्य ताई, हत्याराची पूजा हाय, अन् त्यायच्या घरी सोताचा पेचकस नाई. सगळं माह्याकडचं मांगून. म्हणलं, पूजेले तरी असू दे बिचारं. आठ वाजता नेऊन देलो, नऊ वाजता पूजा, संध्याकाळी परत आणलो. त्याले अजूनबी कुंकू हाय." त्यांनी खणातून पेचकस काढून दाखवला. रुंद, चपट्या तोंडाचा. असल्या पेचकसानं ती टोपी उचलायला जाणं म्हणजे फावड्यानं टिकली काढणं. समांतर ओरखडे त्यानं पडले नसते.

"पूजा कोणी केली, भाऊ?"

"कोणी म्हणजे? सूनबाईनं. हेमचंद्रभाऊच्या सुभद्रावैनीनं. हळदीची वाटी त्यायच्याच हातात होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यलो."

रंजीता उभ्याउभ्याच थबकली. ओरखड्यांतलं पिवळं काय होतं ते तिला कालच कळलं होतं. बोटावर घेऊन हुंगलं होतं. हळद. आणि सातच्या रिकाम्या काड्यांवर कुंकवाचे कण बसले होते, पण पाचवरची टोपी उचलून पाहिली तर तिच्याखालच्या काड्या साफ. कुंकू पडायच्या आधीच टोपी पाचवर आली होती. आणि जिनं आणली, तिची बोटं हळदीनं भरलेली होती. रात्री घरात हळद कालवलेली नव्हती. भाऊ पहाटेच निघून गेले होते.

जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात जा. आधी हळद, मग कुंकू. मधे वेळ किती? वाटी बदलण्याएवढा. गुन्हा तेवढ्यात झाला होता, आणि त्या वेळी पाटासमोर एकच माणूस बसतं: पूजा करणारं.

सुभद्राकाकूंनी रविवारी तिला दोनदा चहा दिला होता. दोन्हीदा साखर जास्त.

६

मंगळवारी अकरा वाजता रंजीता स्वयंपाकघरात गेली. सुभद्राकाकू भेदरं चिरत होत्या. टोमॅटोला त्या घरात अजून टोमॅटो म्हणत नाहीत.

"काकू, मले सगळं कळलं."

"बरं झालं वं माय. बस."

"हळद लावून झाल्यावर, कुंकू लावायच्या आधी, तुमी अवधूतकाकाच्या कार्डाची टोपी चिमट्यानं उचलून हलवली."

काकूंनी विळी बाजूला केली. "मी नाई. सासूबाईनं."

"पण वाटी तं तुमच्या हातात होती!"

"वाटी मीच धरली होती. ताट मी केलं, फुलं मी आणले, पूजा त्यायनं केली. सून असते कायले? वाटी धराले." काकूंनी हात पदराला पुसले. "कमरेच्या किल्ल्यायच्या जुडग्यात काटे काढाचा चिमटा राहे त्यायच्या. दोन्ही पाट्यायले हळद लावली. मंग वाकून पाहतच राह्यल्या. म्हणे, 'सुभद्रे, मोठ्याची टोपी मधात, अन् धाकट्याची एक घर पुढं, हे काऊन? माह्या घरात असा भेद नाई चालत.' अन् धाकट्याची उचलून मोठ्याच्या बरोबर करून टाकली. मंग कुंकू लावलं. निवद दाखवला."

रंजीताला वांकिडीची पहाटेची गाडी आठवली, प्रत्येक एकतीस तारखेची. दोघांना सारखं वाढायचं, ही एकच विद्या त्या बाईला येत होती. या खोक्यात मात्र सारखं केलं की भांडण लागतं, हे तिला कोण सांगणार होतं?

"काकू, तुमाले सव्वीस वर्षं हे माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणी इचारलंच नाई," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती. "ते दोघं एकमेकाले इचारत होते. त्याच्यात मले काय माहीत, का येवढ्याश्या टोपीनं येवढं मोठं घर मोडते? मले वाटलं, दोन भावायचं दुसरं काई कारण असंन. मोठं काईतरी. मी आपली वाट पाहत बसली, कारण कधी कळते त्याची."

पाठीमागं काहीतरी वाजलं. दारात हेमचंद्रकाका उभे होते. कधीपासून, ते त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

७

"म्हणजे अवधूत नाई," काका म्हणाले.

"नाई."

"कागदावर त्याचं नाव नाई टाकता येनार?"

"नाई, काका."

"अर्धं?"

रंजीतानं मान हलवली. काका खाली पायरीवर बसले. पेनं सरळ करायला हात खिशाकडं गेला आणि मधेच राहिला.

"दोन वर्षं झाले," ते जमिनीकडं पाहत म्हणाले. "पाडव्याच्या दिवशी मी हाक मारली होती त्याले. कोनाड्यातून. तीनदा. पाठमोरा बसला होता, दिसत होता मले. ओ देल्ली नाई. म्हणून म्हणलं, जाऊ दे. ज्याले बोलाचंच नाई..."

"काका," रंजीता म्हणाली, "त्यायले ऐकू येत नाई. तीन वर्षं झाले."

हेमचंद्रकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्याचा ऐकण्याशी काही संबंध नसतो, पण त्यांनी तो परत काढला आणि परत पुसला.

काकूंनी वरण गॅसवरून उतरवलं. त्या दिवशी अकराचं जेवण कोणी जेवलं नाही.

तीन वाजता रंजीतानं आपल्या चिमट्यानं आवाजाच्या कार्डाची टोपी उचलली आणि सातवर ठेवली. एक घर पुढं. दोन्ही कार्डं घातली, बटण दाबलं. तिसऱ्या झटक्यात डिस्क फिरली. पडद्यावर अक्षरं आली, स्पीकरमधून 'टूं' आलं, आणि प्रोग्राम उघडला. मग तिनं एक काम असं केलं, जे वाटणीपत्राच्या विरुद्ध होतं. मॉनिटरचं तोंड अवधूतकाकांच्या बाजूला फिरवलं आणि कीबोर्ड ओढून हेमचंद्रकाकांच्या पुढ्यात ठेवला. स्पीकर त्यांच्याच बाजूला होते. फोनवर रेकॉर्डिंग लावून ती वळसा घालून गेली आणि तिनं अवधूतकाकांना हाताला धरून कोनाड्याशी आणलं.

पहिला शब्द आला. सांबार. खाली अर्थ: कोथिंबीर. आणि भागाबाईंचा आवाज, अठरा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा, नुकत्याच चुलीपुढून उठल्यासारखा: "सांबार. हाटेलातलं नाई बावा, भाजीत टाकते ते."

हेमचंद्रकाका हसले. आवाज न करता, एकटेच. पलीकडं अवधूतकाका अक्षरं वाचत होते.

वावर आलं, पोट्टं आलं, भेदरं आलं. मग गंज आलं. भागाबाई 'गंज' म्हणाल्या, आणि त्या दिवशी बहुतेक बटण वेळेवर दाबलं गेलं नव्हतं, कारण त्या पुढंही बोलल्या: "झालं काय रे तुमचं? हेमा, अवध्याले बलाव. भाकर थंडी होऊन राह्यली."

हेमचंद्रकाकांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

पडद्यावर नुसतं 'गंज' होतं. कोनाड्यापलीकडून, कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, प्रश्न आला:

"आई काय म्हणते रे?"

'रे' हा शब्द त्या भिंतीतून सव्वीस वर्षांनी आला. हेमचंद्रकाकांनी तोंड उघडलं, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते दोन बोटांनी टाइप करायला लागले. अक्षरं सापडत नव्हती. मधे एकदा सगळं खोडून परत लिहिलं. पाच-सहा मिनिटं गेली. एवढ्यात तीच भाकर खरोखर थंड झाली असती.

पडद्यावर उमटलं: 'आई बोलावते. जेवायला चल.'

अवधूतकाकांनी वाचलं. परत वाचलं. मग विचारलं:

"कोणाच्या घरी?"

तेव्हा सव्वाचार वाजले होते.

८

अर्थात, असं काही झालं नाही. मंगळवारी अवधूतकाका वळसा घालून थोरल्याकडं जेवले, हे सुभद्राकाकूही नाकारतात, जरी एक ताट जास्तीचं घासावं लागलं हे त्यांनी मान्य केलं आहे. जेवताना कोणी बोललं नाही. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला बोलता येत नव्हतं. रंजीताच्या फोनवरचं रेकॉर्डिंग दोघा भावांनी एकमतानं अमान्य केलं. समेट झाला म्हटलं, की भांडण कशासाठी होतं याचं उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर तुरीच्या दाण्याएवढं होतं. तेवढ्यासाठी सव्वीस वर्षं गेली, असं कोण लिहून देईल? त्यापेक्षा ती भांडणातच जाऊ द्यावी. भांडणात गेलेल्या वर्षांना निदान काही किंमत तरी असते.

बुधवारी सकाळी प्रवीण गाडी घेऊन आला. मशीन उघडून कार्डं वाटायची वेळ झाली. ज्याचं त्याला, असं ठरलेलं होतं, पण अवधूतकाकांनी आवाजाचं कार्ड हेमचंद्रांच्या बाजूला सरकवलं. "मले ह्याचं काय करनं हाय? तू ऐक." त्यावर हेमचंद्रकाकांनी अक्षरांचं कार्ड कोनाड्यातून पलीकडं ढकललं. तोंडानं सांगून उपयोग नव्हता, म्हणून पाटीवर लिहिलं: 'तू वाच.' दोघांनीही नाही म्हटलं नाही. अशी बिनचूक वाटणी त्या घरात पूर्वी झाली नव्हती. फक्त, दोन्ही कार्डं एका खोक्यात असल्याशिवाय तो प्रोग्राम उघडत नाही, हे त्या क्षणी कोणीच बोललं नाही. रंजीतासुद्धा. मशीनचं कळतं म्हणूनच तिला बोलावलं होतं, आणि ती गप्प बसली. त्याचा पस्तावा तिला अजून आहे.

गाडी गेली. नवे मालक गुरुवारी विटा घेऊन आले.

शुक्रवारी हेमचंद्रकाका दुकानात आले. आता त्यांना वेगळा कागद पाहिजे होता. त्यांनी सांगितलं, रंजीतानं लिहिलं, आणि काकांनी तो तहसील कार्यालयातल्या आवक खिडकीवर स्वतः नेऊन दिला. कारकुनानं दोनदा वाचून शिक्का मारला. त्यातला मजकूर असा:

"मा. तहसीलदार साहेब, आदिलाबाद, यांचे सेवेशी.

विषय: हाक तामील झाल्याचे समजणेबाबत.

अर्जदार हेमचंद्र अमृतराव यांची सविनय दरखास्त की, अर्जदाराने दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्यास, सामायिक भिंतीतील कोनाड्यातून, धाकटा भाऊ अवधूत यास नावानिशी तीन वेळा हाक दिली. सदर हाक मुदतीत होती व स्पष्ट होती. केवळ कानाच्या कारणाने ती पोहोचली नाही. यात कोणाचाही कसूर नाही. सबब, सदर हाक त्याच तारखेस तामील झाली असे समजून, अवधूत याने 'ओ' दिल्याची नोंद दप्तरी घेण्यात यावी, आणि त्या तारखेपासून गेल्या बुधवारपर्यंतचा काळ दोघा भावांच्या सामायिक वहिवाटीत दाखवण्यात यावा, ही विनंती."